गोगलगायीला कूलर परवडत नाही

दर वर्षी एप्रिल लागला की आमच्या घरचा कूलर माळ्यावरून खाली उतरतो. ताट्या बदलायच्या, टाकीचा गंज खरवडायचा, पंप रुसला असेल तर त्याला दोन चापट्या द्यायच्या आणि मग खिडकीबाहेरच्या स्टँडवर तो चढवायचा. यंदा या सगळ्याला उशीर झाला, मे उजाडला. स्टँड सरकवला तर मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंच, मधुमालतीच्या सावलीत एक गोगलगाय चिकटलेली दिसली. चिंचोक्यापेक्षा जराशी मोठी, मातकट रंगाची.

बागेचं काम बघणारे भाऊ म्हणाले, "मेली असन ते ताई, फेकून द्या."

सुट्टीला आलेली माझी भाची मात्र वाकून बघत राहिली. "मावशी, मरायचंच होतं तर एवढी भिंत काहून चढली असेल ही?"

प्रश्न बिनतोड होता. मरायला कोणी भिंत चढत नाही. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. टॉर्च आणून बघितलं तर शंखाच्या तोंडाच्या कडेभोवती वाळलेल्या डिंकासारखा एक पातळ पापुद्रा होता आणि त्यानंच शंख भिंतीला घट्ट चिकटला होता. म्हणजे बाई आत होत्या, दार लावून. भाचीनं पेन्सिलीनं भिंतीवर शंखाभोवती गोल काढला आणि शेजारी तारीख लिहिली. त्यानंतर महिनाभर रोज सकाळी तिची तपासणी आणि माझी तोंडी परीक्षा सुरू राहिली. हा लेख त्यातूनच झाला.

"गोगलगाय आणि पोटात पाय" असं आपण वरून साळसूद आणि आतून बेरकी माणसाला म्हणतो. प्राणिशास्त्रानं ही म्हण अक्षरशः घेतली आहे. शंख-गोगलगायींच्या अख्ख्या वर्गाचं नावच मुळी उदरपाद. पोटाखालचा चपटा, ओला, स्नायूंचा पट्टा हाच त्यांचा पाय. त्यांची सगळी अडचण त्या ओलेपणातच आहे. पालीच्या अंगावर खवले असतात, मुंगीच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, आपल्या कातडीचा वरचा थर मेलेल्या कोरड्या पेशींचा असतो. पाणी आत राखायची ही सगळी सोय गोगलगायीकडे नाही. तिची त्वचा पातळ, नागडी आणि कायम ओली. शरीरात बहुतांश पाणीच, आणि ते अडवायला वर काही नाही.

नागपूरकराला हे समजायला माठ पुरेसा आहे. माठ गार राहतो कारण तो झिरपतो. रात्री काठोकाठ भरून ठेवलेला माठ सकाळी बोटभर उतरलेला असतो. तेवढं पाणी हवेत गेलं आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन गेलं. शंखाबाहेर आलेली गोगलगाय म्हणजे चालता माठ. त्यात ती चालते तीही पाणी सांडत. मागे जी चकाकती रेघ राहते तो चिकट स्राव, आणि त्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं. १९८० साली मार्क डेनी या शास्त्रज्ञानं बिनशंखाच्या एका मोठ्या गोगलगायीवर हिशोब मांडला. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला तेवढंच अंतर धावायला जितकी ऊर्जा लागेल, त्याच्या दहापटीहून जास्त तिला सरपटायला लागते. त्यातला मोठा वाटा हा स्राव बनवण्याचा. हळू चालते म्हणून आपण हसतो, पण तिच्या रस्त्याचं भाडं केवढं आहे ते बघायला हवं.

आता हा माठ आपल्या मे महिन्यात ठेवून बघा. पारा ४५ च्या पुढे, आणि दुपारची आर्द्रता कित्येक दिवस वीस टक्क्यांच्या खाली. हवा जितकी तापते तितकी तिची पाणी पिण्याची ताकद वाढते. ४५ अंशांची हवा ३० अंशांच्या हवेच्या दुपटीहून जास्त बाष्प धरू शकते. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवणं करतात ती याच भरवशावर. सकाळी गच्चीवर घातलेल्या कुरडया संध्याकाळी खुळखुळ वाजतात. त्या कुरडयांच्या शेजारी एखादी उघडी गोगलगाय ठेवली तर तिचंही वाळवण व्हायला फार वेळ लागणार नाही.

मग तिनं कूलर का लावू नये? हा प्रश्न भाचीचा, आणि मला तो फार आवडला. पाणी उडालं की गारवा येतो, अंगात पाणी आहे, अंग ओलं आहे. सगळं सामान तयार आहे की!

हिशोब करून बघू, ढोबळच. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण हजार वॉट ऊन पडतं. दोन सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटरच्या शंखावर त्यातलं आलं ०.४ वॉट. आकडा किरकोळ वाटतो, पण तासाभरात त्याचे १,४४० जूल होतात. एक ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण २,४०० जूल उष्णता नेतं. म्हणजे ते सगळं ऊन अंगात मुरलं आणि ते फक्त पाणी उडवून परतवायचं म्हटलं, तर तासाला ०.६ ग्रॅम पाणी लागेल. एवढ्या आकाराच्या गोगलगायीच्या अख्ख्या शरीरात पाणी असतं दीड ग्रॅमच्या आसपास. अडीच तासांत टाकी रिकामी! ऊन तर सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत असतं, आणि उद्या पुन्हा असतंच.

आपल्या कूलरला नळ आहे, नळ नसेल तर टँकर आहे. तिच्याकडे जूनपर्यंत काहीही नाही. म्हणून ती गार होण्याचा नादच सोडते. मला वाटतं, गोगलगायीचा उन्हाळा समजून घेताना आपली चूक इथेच होते. आपण समजतो की ती उष्णतेशी लढते. तिची खरी राखण पाण्यावर असते. उष्णता जमेल तितकी टाळायची, उरलेली सोसायची, पण पाण्याचा थेंब हातचा जाऊ द्यायचा नाही.

टाळण्याची पहिली युक्ती म्हणजे दिवसा घराबाहेर पडायचं नाही. रात्र, पहाट, पाऊस, दव हाच तिचा कामाचा वेळ. दुसरी युक्ती जागेची. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर माती चटके देत असताना वीतभर खाली दिवस-रात्रीतला तापमानाचा फरक पुष्कळच कमी झालेला असतो, आणि ओलही थोडी टिकून असते. दगडाखाली, कुंडीच्या बुडाशी, पालापाचोळ्याच्या जाड थरात हेच. बऱ्याच गोगलगायी उन्हाळा असा जमिनीत काढतात.

पण आमची तर भिंतीवर होती! तेही चुकीचं नाही. हवामान खातं तापमान मोजतं ते जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली, देशभर बातम्या झाल्या आणि मग यंत्राचा सेन्सर बिघडला होता असं खात्यानं जाहीर केलं. हवेसाठी तो आकडा खोटाच होता. पण त्या दुपारी कोणी सिमेंटच्या रस्त्याला तळहात लावला असता तर त्याला तो खोटा वाटला नसता. उन्हात तापलेली जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त गरम असते आणि तिच्या लगतचा बोटभर हवेचा थरही तिच्याबरोबर भाजून निघतो. तिथून हातभर वर गेलं की फरक पडतो. अनवाणी गच्चीवर गेलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे: तळपाय पोळतात तेवढा गुडघा पोळत नाही. म्हणून कोरड्या प्रदेशांतल्या कित्येक गोगलगायी उन्हाळ्यात गवताच्या काड्यांवर, खोडांवर, कुंपणाच्या खांबांवर चढून बसतात. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याकडे तर एकेका काडीवर त्यांचे घोसच्या घोस लागलेले असतात, द्राक्षांसारखे. एकमेकींना चिकटून बसल्यानं प्रत्येकीचं उघडं पडणारं अंग कमी होतं, हा आणखी एक फायदा.

दार लावून घेणं

जागा सापडली की खरी तयारी सुरू होते. आधी डोकं आत, मग पाय आत. शंखाच्या तोंडाशी उरतो तो प्रावाराचा जाड काठ. प्रावार म्हणजे शंख तयार करणारा मांसल पडदा. हा काठ मग चिकट स्रावाचा एक पातळ पडदा तोंडावर ताणतो, तो वाळतो आणि त्याचं झाकण होतं. टॉर्चच्या उजेडात आम्हाला दिसला तो पापुद्रा हाच. दिसायला कांद्याच्या वाळक्या सालीसारखा. युरोपातली रोमन गोगलगाय हिवाळ्यात या झाकणात चुना मिसळून खडूच्या चकतीसारखं जाड झाकण बनवते. उन्हाळ्याची झाकणं बहुधा पातळच असतात. आठवडे जातात तसं आतलं शरीर आक्रसतं. मग ती आणखी आत सरकते आणि पहिल्या झाकणामागे दुसरं लावते, कधी तिसरंही. दोन झाकणांमध्ये हवा कोंडलेली राहते. जुन्या वाड्यांना दिंडी दरवाजा, मग देवडी, मग माजघर असायचं, तसंच काहीसं.

पण सगळं श्रेय झाकणाला देऊ नका. ते पूर्ण जलरोधक नसतं, आणि असूनही चालणार नाही, कारण आत श्वास घ्यायचाय. पाण्याची खरी राखण करतो तो त्यामागचा प्रावाराचा काठ. गोगलगाय जागी असताना ओली आणि झिरपती असणारी हीच त्वचा, ती निजली की पाणी जाऊ देण्यात कमालीची कंजूष होते. मेलेल्या गोगलगायीत ही कंजुषी राहत नाही, म्हणजे ती जिवंत पेशींची करामत आहे, नुसत्या वाळलेल्या कातडीची नाही. माठानं ठरवून काचेची बरणी व्हावं, असा हा प्रकार आहे. मातीला ते जमत नाही.

जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायींना कल्ले नसतात, फुप्फुस असतं आणि त्याचं एकच बारीक भोक शंखाच्या काठाशी उघडतं. जागेपणी ते सारखं उघडझाप करत असतं. दर वेळी उघडलं की आतली दमट हवा बाहेर जाते, म्हणजे श्वासागणिक पाणी जातं. झोपेत हे भोक बराच वेळ मिटलेलं राहतं, कार्बन डायऑक्साइड साचू दिला जातो, आणि अगदीच गरज पडली की थोडा वेळ उघडतं. एवढ्या कमी श्वासावर जगायचं तर आतला कारभारही तेवढाच मंद हवा. काही जातींत झोपेतला ऊर्जेचा खर्च विश्रांतीच्या वेळच्या खर्चाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो. हृदयाचे ठोके मंदावतात, नवी प्रथिनं बनवण्याचं काम जवळपास थांबतं. भाचीच्या भाषेत, "पंखा एकवर, लाइट बंद, टीव्हीचा प्लगसुद्धा काढलेला."

हिवाळ्यातल्या झोपेला शीतनिद्रा म्हणतात, तशी ही ग्रीष्मनिद्रा. एक बारीक फरक लक्षात ठेवण्यासारखा. शीतनिद्रेत थंडीमुळे शरीराचा वेग आपोआप कमी होतो. इथे बाहेर भट्टी पेटलेली आहे आणि उष्णतेनं प्रत्येक रासायनिक क्रिया जोरात चालायला हवी. अशा वेळी ब्रेक दाबून धरायचा. माझ्या मते हे जास्त अवघड काम आहे.

आता तो प्रश्न, जो आठवीचा कुठलाही वर्ग पहिल्या पाच मिनिटांत विचारतो: मग शू कुठे करते? अन्नातली किंवा शरीरातली प्रथिनं मोडली की नायट्रोजनचा कचरा तयार होतो. मासे तो अमोनियाच्या रूपात सोडतात, पण अमोनिया विषारी, त्याला भरपूर पाण्यात विरघळवून धुवावं लागतं. आपण युरिया बनवतो. पाणी कमी लागतं, तरी लागतंच. जमिनीवरच्या गोगलगायी मुख्यतः युरिक आम्ल बनवतात, जे पाण्यात जवळपास विरघळतच नाही. भिंतीवर पालीची लेंडी बघितली असेल. तिच्या टोकाला जो पांढरा खडूसारखा ठिपका असतो, ते युरिक आम्ल. कबुतरांनी बाल्कनीचा जो सत्यानाश केलेला असतो, त्यातला पांढरा भागही तेच. गोगलगाय झोपेच्या महिन्यांत तेही बाहेर टाकत नाही. मूत्रपिंडात कोरड्या कणांच्या रूपात साठवून ठेवते आणि पाऊस पडला की एकदम मोकळी होते.

उष्णता सोसण्याच्या बाजूला एवढंच सांगते की फार तापमानात प्रथिनांची घडी विस्कटते. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग शिजून घट्ट होतो तशी. ती घडी सावरायला पेशींत खास मदतनीस प्रथिनं तयार होतात. ती आपल्यातही आहेत, जिवाणूंतही आहेत. उन्हाळी प्रदेशांतल्या गोगलगायी त्यांचा भरपूर वापर करतात. पण या मदतीलाही मर्यादा आहे.

वाळवंटातली दोन उदाहरणं

ती मर्यादा कुठे आहे हे बघायला नागपूर कमी पडतं, म्हणून इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात जाऊ. उंटांवरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले शास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९७१ साली तिथल्या स्फिंक्टेरोकायला बोइसिएरी नावाच्या पांढऱ्याशुभ्र गोगलगायीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही बाई उन्हाळ्यात भेगाही शोधत नाही, भिंतही चढत नाही. उघड्या वाळवंटात, उन्हात, जमिनीवर पडून असते. आजूबाजूची जमीन दुपारी ६५ अंशांच्या आसपास तापते. ५५ अंशांत ही गोगलगाय मरते. तरी ती जिवंत असते. कसं?

शास्त्रज्ञांनी बारीक तापमापक तारा घालून शंखाच्या आतलं तापमान मोजलं, तेव्हा कोडं सुटलं. शंख पांढरा, त्यामुळे पडणाऱ्या उन्हाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग परतच जातो. आपल्याकडे हल्ली गच्चीला पांढरा चुना नाहीतर उष्णतारोधक पांढरा रंग मारतात, त्याचंच तत्त्व. वरच्या आपल्या हिशोबात हा आकडा घाला: ०.४ वॉटचे ०.०४ झाले. राहिली खालून येणारी उष्णता. शंखाचा सर्वांत मोठा वेढा जमिनीला टेकलेला असतो, आणि गोगलगाय तो रिकामा सोडून वरच्या लहान वेढ्यांमध्ये जाऊन बसते. मधल्या रिकाम्या वेढ्यात कोंडलेली हवा गादीचं काम करते. शिवाय खडबडीत जमिनीला शंख जेमतेम काही ठिकाणीच टेकतो. परिणामी खालची जमीन ६० अंशांवर असताना गोगलगायीचं अंग ५० च्या आसपास राहतं. मरणापासून चार-पाच अंश अलीकडे, पण अलीकडे.

यात कुठेही पाणी खर्च झालेलं नाही, हे बघा. तिच्या शरीरात साधारण १.४ ग्रॅम पाणी असतं आणि झोपेत दिवसाला ती गमावते अर्धा मिलिग्रॅम. भागाकार करा: निम्मं पाणी संपायला १,४०० दिवस, म्हणजे पावणेचार वर्षांच्या वर. कूलर लावला असता तर अडीच तास.

हा आकडा कागदी वाटत असेल तर दुसरं उदाहरण घ्या. इजिप्तच्या वाळवंटातल्या एका गोगलगायीचा शंख २५ मार्च १८४६ रोजी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नमुना म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवला गेला. रिकामा आहे असं समजून. चार वर्षांनी, मार्च १८५० मध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं की शंखाच्या तोंडाजवळ पुठ्ठ्याचा रंग बदलला आहे आणि तिथे ताजा पापुद्रा दिसतोय. शंख कोमट पाण्यात ठेवला. गोगलगाय बाहेर आली आणि पुढे कोबी खाऊन काही काळ जगली. मधल्या काळात तिनं कधीतरी उठून पुठ्ठ्यावर फिरायचा प्रयत्न केला असणार, चिकटवलेलं आहे हे कळल्यावर पुन्हा दार लावून निजली असणार. हे भाचीला सांगितलं तर ती हसली नाही. "बिचारी" म्हणाली.

घरची मंडळी

झाकणाची दुसरी, पक्की पद्धत आपल्या विदर्भात सहज बघायला मिळते, मात्र ती पाण्यातल्या गोगलगायीची. धानाच्या बांध्यांत, बोड्यांत म्हणजे लहान तळ्यांत, मालगुजारी तलावांच्या कडेला सापडणारी मोठी गोल गोगलगाय म्हणजे पायला. बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्यांनी ती चिरलेली असते. तिच्या पायाच्या मागच्या टोकावर कायमचं टणक झाकण असतं. आत गेली की ते डब्याच्या झाकणासारखं नेमकं बसतं. दर वर्षी नवीन पापुद्रा बनवायची भानगड नाही. शिवाय तिला कल्ला आणि फुप्फुस दोन्ही. बोडी आटत आली की ती चिखलात शिरते, झाकण लावते, वर चिखलाची ढेकळं होतात, आणि आत ती फुप्फुसावर निभावून नेते.

दुसरी पाहुणी मात्र डोकेदुखी आहे. शेतकरी जिला शंखी गोगलगाय म्हणतात ती मोठी आफ्रिकन गोगलगाय १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखसंग्राहकानं मॉरिशसहून कोलकात्याला आणून सोडली. तिथून ती देशभर पसरली. २०२२ च्या जुलैमध्ये लातूर, बीड, उस्मानाबाद या भागांत तिनं कोवळं सोयाबीन खाऊन अनेकांना दुबार पेरणी करायला लावली. यात तिच्या झोपेचा हात मोठा आहे. उन्हाळाभर बांधावरच्या दगडांत, मातीत झाकण लावून पडलेली ही मंडळी पहिल्या चांगल्या पावसाला एकदम उठतात, आणि नेमक्या त्याच पावसावर पेरणी होते. भुकेलेल्या गोगलगायींची आणि कोवळ्या रोपांची गाठ एकाच आठवड्यात पडते. फवारणीच्या पत्रकांत हे एका ओळीत उरकलेलं असतं. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. निजलेल्या असताना, बांधावर, हातमोजे घालून वेचणं हे जागं झाल्यावर शेतभर धावण्यापेक्षा सोपं. हातमोजे यासाठी की तिच्यात उंदरांपासून आलेला एक कृमी असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो.

बिनशंखाच्या गोगलगायींकडे, म्हणजे पावसाळ्यात न्हाणीघरात निघणाऱ्या त्या काळ्या चपट्यांकडे, दार लावायला घरच नाही. त्यांना खोल ओलीचा आश्रय शोधण्याखेरीज इलाज नाही. त्यांच्यावर मीठ टाकणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की मीठ त्यांना जाळत नाही, अंगातलं पाणी ओढून काढतं. वर सांगितलेलं सगळं वाचल्यावर ते कसं मरण असेल याची कल्पना यावी. सुपलीत घेऊन बाहेर टाका.

एक आडवाट. गोगलगायी नागपूरला नव्या नाहीत. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आपण रोज बघतो त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टाकळीजवळच्या खडकांतून शंखांचे जीवाश्म गोळा केले. दख्खनच्या लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर आणि दुसरा येण्याआधी तिथे तळी साचली होती, त्या तळ्यांतल्या त्या गोगलगायी. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. खाली लाव्हा, वर लाव्हा आणि मधे गोगलगाय. आपला मे महिना त्यापुढे काय?

तरी आजच्या शहरानं त्यांची एक सोय काढून घेतली आहे. आमच्या गल्लीत पूर्वी रस्त्याच्या दोन्ही कडांना मातीची पट्टी होती. आता सिमेंट रस्ता कंपाउंडच्या भिंतीला येऊन भिडला, अंगणात पेव्हर ब्लॉक आले, झाडांच्या बुंध्यापर्यंत गच्च काँक्रीट आलं, आणि पालापाचोळा रोज सकाळी पेटवला जातो. भेगा नाहीत, पाला नाही, वीतभर खाली जायला वाटच नाही. उरते ती भिंत. शहराच्या उष्णतेचा गोगलगायींवर परिणाम होतो हे नेदरलँड्समध्ये दिसलं आहे. तिथे लोकांनी मोबाइलवर काढलेले एका जातीच्या गोगलगायींचे जवळपास आठ हजार फोटो तपासले गेले. गुलाबी, तपकिरी, पिवळ्या अशा रंगांत येणाऱ्या या गोगलगायींत शहराच्या मध्यभागी पिवळ्यांचं प्रमाण जास्त निघालं. फिकट शंख उन्हात कमी तापतो. शहर त्यांची निवड करत होतं. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही असं करायला फोन सोडून काही लागत नाही.

नवतपा सुरू झाला त्या आठवड्यात भाचीनं मगभर पाणी आणलं. "थोडं शिंपडू? तहान लागली असेल ना तिला." मी हात धरला. गोगलगाय तोंडानं पाणी पिते आणि पायाच्या त्वचेतूनही शोषून घेते. ओल लागली की तिला वाटणार, पाऊस आला. ती झाकण तोडेल, थंड पडलेला कारभार सुरू करेल, स्राव खर्चून फिरेल, आणि दोन तासांत भिंत पुन्हा कोरडी. उठणंही फुकट नसतं. बराच काळ बेतानं मिळालेला ऑक्सिजन एकदम भरपूर मिळू लागला की पेशींना इजा करणारे घातक कण तयार होतात. ओटाला नावाच्या गोगलगायीत असं दिसलं की ती झोपेतच त्यांना निष्प्रभ करणारी विकरं वाढवून ठेवते, म्हणजे जाग येण्याची तयारी निजल्या निजल्या झालेली असते. ती तयारी खोट्या पावसावर कशाला उधळायची? मगमधलं पाणी तुळशीला गेलं.

मृग लागला आणि कोरडाच गेला. त्यानंतर एका रात्री दोनच्या सुमाराला पत्र्यावर वाजायला लागलं आणि पहाटेपर्यंत थांबलं नाही. सकाळी भाचीच्या हाका ऐकून मी मागे गेले. पेन्सिलीचा गोल तसाच होता, तारीख थोडी पुसट झालेली. गोलाच्या आत वाळलेल्या डिंकाची एक पातळ कडी, एका बाजूला फाटलेली. तिच्याखाली पांढरे चुन्यासारखे दोन ठिपके.

"शू," भाचीनं अधिकारवाणीनं सांगितलं.

तिथून चकाकती रेघ निघाली होती. मधुमालतीला वळसा घालून ती खाली उतरली, फरशी ओलांडली आणि कूलरच्या गळक्या टाकीखाली जिथे शेवाळ धरलंय तिथे जाऊन संपली.